दोन बोटं माया

रविवारी थोरली बहीण, ताई, येणार, हे फोनवर ऐकल्यापासून मास्तरीणबाईंनी बाल्कनीकडे बघणंच सोडून दिलं होतं. भाजी चिरताना पाठ तिकडे, जेवताना पाठ तिकडे. मास्तरांना आधी वाटलं मान अवघडली असेल. दुसऱ्या दिवशी त्यांनी तेलाची बाटली आणून पुढे ठेवली, तेव्हा बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"मानेला काही झालं नाही हो. मान खाली घालायची वेळ आलीय."

मास्तर म्हणजे शिंपी. पेठेत त्यांचं छोटं दुकान होतं आणि दुकानामुळे ते मास्तर, तर त्यांच्यामुळे त्या मास्तरीण. तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या दोन खोल्यांना एक बाल्कनी होती. शर्ट शिवून झाल्यावर आठवण झाली म्हणून वरून लावलेल्या खिशासारखी ती दिसायची, आणि खिशात जे जे साठतं ते सगळं तिथे साठलेलं होतं. मूठ तुटलेली सुटकेस, बुडाला भोक पडलेली बादली, दुकानातलं मोडीत काढलेलं कापायचं टेबल, कात्रणांची गाठोडी. कपडे वाळत घालायला गेलं की एक पाय हवेत धरावा लागायचा.

"मग ताईंना सांग, आवरायला वेळ झाला नाही म्हणून," मास्तर म्हणाले.

"आवरायचं काय त्यात? तिथं बाग आहे."

"कुठं?"

"बाल्कनीत," असं म्हणून बाईंनी पदराऐवजी हातातल्या टॉवेलनेच डोळे पुसले आणि सगळं सांगून टाकलं.

झालं होतं ते असं. ताईंचं घर मोठं, पुढे हिरवळ, वर गच्ची, गच्चीत झोपाळा. तीन वर्षांपूर्वी एकदा फोनवर त्या झोपाळ्याचं वर्णन करता करता ताई थांबल्या आणि सुस्कारा टाकून म्हणाल्या, "तुला काय कळणार म्हणा. तू बिचारी तिथं डबीत राहतेस." तो 'बिचारी' शब्द मास्तरीणबाईंना इतका झोंबला, की त्या म्हणाल्या, "डबीत कशाला? आम्ही दोघं रोज संध्याकाळी बाल्कनीत बसतो. चहा तिथंच घेतो. बागच केलीय म्हण ना छोटीशी." बागेतल्या झाडांना निदान पाणी घालावं लागतं. थाप मात्र आपली आपण वाढते. पुढच्या फोनला तिथे एक वेल आला, त्याच्या पुढच्या फोनला वेलाला फुलं आली, आणि गेल्या महिन्यात तर एक बाकही येऊन बसला होता.

"बाक?" मास्तर म्हणाले.

"लाकडाचा. गादीवाला."

मास्तर रागावले नाहीत. लग्न ठरलं तेव्हा आपल्या सासूबाई "शिंप्याला द्यायची का पोरगी?" असं म्हणाल्या होत्या आणि ताई गप्प बसल्या होत्या, हे त्यांना माहीत होतं. बायकोच्या मनात ते किती खोल टोचून राहिलंय, याचा अंदाज मात्र आज पहिल्यांदा आला. तिला पुन्हा कोणी 'बिचारी' म्हणू नये, एवढंच त्यांच्या मनात पक्कं झालं.

"रविवारपर्यंत होईल बाग," ते म्हणाले.

"पैसे?"

हा प्रश्न चोख होता. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. दुकानातल्या मशीनला नुकतीच नवी मोटर बसवली होती, आणि तिने घरखर्चाचा घास घेतला होता. मास्तरांनी कात्रणांच्या गाठोड्यांकडे बघितलं. "पैसे नसले तर नसले. कापड आहे."

मग मास्तरांनी बाल्कनी शिवायला घेतली. अडगळ तळमजल्याच्या जिन्याखाली गेली. उरलेल्या कात्रणांची वर एक छत्री झाली, तिला शर्टाच्या कफासारख्या पट्ट्या आणि चक्क काजं-बटणं. उशांना कॉलर बसली. कुंड्या महाग पडत होत्या, म्हणून मास्तरांनी दुकानात वर्षानुवर्षं पडून असलेल्या, गिऱ्हाइकं न्यायला विसरलेल्या पँटी काढल्या, त्यांचे पाय खालून शिवून बंद केले, आत माती भरली आणि पट्ट्याच्या जागी दोरी ओवून त्या भिंतीवर ओळीने टांगल्या. शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या फांद्या त्यांच्या कमरेतून डोकावू लागल्या. लांबून पाहिलं तर सहा-सात माणसं भिंतीत डोकं खुपसून उभी असल्यासारखी दिसत, पण हिरवंगार दिसे. वेल मात्र कुणी उपटून दिला नाही, नुसताच तोडून दिला. मास्तरांनी भिंतीवर कापड ताणलं आणि तो त्याला टाचण्यांनी टाचला.

"फुलं?" बाई म्हणाल्या. त्यांचा आता धीर वाढला होता.

"लाल साटीन उरलंय. होतील."

राहिला बाक. लाकूड घरचंच होतं, मोडीतल्या कापायच्या टेबलाचं. त्याच्या फळ्या कापड सरकून सरकून काचेसारख्या झाल्या होत्या. दुकानाशेजारचा सुतार फक्त मजुरीवर बाक करून द्यायला तयार झाला. बाक दोन भिंतींच्या मध्ये, कठड्याला पाठ लावून बसवायचा, असं ठरलं.

आता मास्तरांनी गळ्यातली टेप काढली आणि बाल्कनीचं माप घेतलं. गिऱ्हाइकाचं घ्यावं तसंच घेतलं. कठड्याला "श्वास सोडा" म्हणाले नाहीत, एवढंच. आणि माप सांगताना, हाताला इतक्या वर्षांची सवय, त्यांनी त्यात दोन बोटं माया धरली.

शिंप्याच्या धंद्यात माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. माणूस सुटतो, मग शिवण उसवायची आणि आतली माया बाहेर काढायची. मायेशिवाय कात्री लावली तर धंदा बुडाला, असं मास्तरांच्या गुरूंनी त्यांना कान धरून शिकवलं होतं. तेव्हा लांबीला दोन बोटं, रुंदीला दोन बोटं धरून त्यांनी माप बायकोला सांगितलं. कारण सुतार फळ्या न्यायला येणार तेव्हा ते दुकानात असणार होते.

मास्तरीणबाईंनी माप नीट लक्षात ठेवलं. पण सुतार समोर उभा राहिला तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे ताई उभ्या राहिल्या. ताई अंगाने भरलेल्या. बाकावर बसल्या आणि अवघडल्या तर? म्हणून त्यांनी आपल्याकडून दोन बोटं वाढवली. कोणाला सांगितलं नाही, कारण बहीण जाड आहे हे सांगण्यासारखं नव्हतं.

सुताराने माप ऐकलं, पेन्सिल कानावर ठेवली आणि रंधा मारताना लाकूड कमी होतं म्हणून त्यात आपली थोडी भर घातली. घरी जाऊन फळ्या बघतो तर त्या इतक्या गुळगुळीत, की रंध्याची गरजच नाही. ते एक काम वाचलं म्हणून तो खूश झाला. भर तशीच राहिली.

बाक शनिवारी येणार होता, तो आला रविवारी सकाळी. बाक सुंदर झाला होता. मास्तरीणबाईंनी त्यावरून हात फिरवला आणि त्यांचं तोंड उजळलं. मग मास्तर आणि सुतार तो उचलून बाल्कनीत गेले आणि तिथे बराच वेळ नुसतेच बाक धरून उभे राहिले.

"तिरका करा," मास्तर म्हणाले.

"तिरकाच आहे."

"मग सरळ करा."

"मास्तर, बाल्कनी लहान आहे."

"बाल्कनी काय कालपासून आटली? बाक मोठा झालाय."

"मी बाईंनी सांगितलं तेवढाच केला. वर आपली बारीकशी भर, रंध्याची."

दोघांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी छताकडे बघितलं. "मी अगदी थोडं वाढवलं होतं. ताईसाठी."

"अगं, पण मी आधीच माया धरली होती!"

सुताराने बाक खाली ठेवला आणि कपाळाला हात लावला. "लाकडाला कसली माया धरता, मास्तर? ते काय आत दुमडणार आहे?"

शेवटी सुताराने बाक मागे कलता केला, पाठ कठड्यावर रेलली, आणि दोघांनी खांदे लावून तो दोन भिंतींच्या मध्ये रेटला. दोन्हीकडचा थोडा थोडा चुना पडला आणि बाक अर्धवट आत जाऊन बसला. मागचे पाय जमिनीवर, पुढचे पाय वीतभर हवेत. दाताच्या डॉक्टरकडच्या खुर्चीसारखा तो आभाळाकडे तोंड करून राहिला. आता तो पुढेही येईना आणि मागेही जाईना.

"दुपारी रंधा आणि करवत घेऊन येतो," सुतार म्हणाला. "आत्ता मला दुसरीकडं दार बसवायचंय. कुणाला बसू देऊ नका तोवर."

"ताई संध्याकाळी येणार आहेत. दुपारी झालं तरी चालेल," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी ते पुरतं म्हणायच्या आतच खाली गाडीचा हॉर्न वाजला. तो हॉर्न साडूसाहेबांचा होता. साडूसाहेब, म्हणजे ताईंचे यजमान, खाली उतरण्याआधी हॉर्न वाजवून आपण आल्याची वर्दी द्यायचे.

मास्तरीणबाईंनी बाकाकडे बोट दाखवलं. "अहो, ते लोंबतंय!"

पण मास्तर हे शेवटी मास्तर होते. फिटिंग चुकलं की झालर लावावी, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांनी पलंगावरची चादर ओढली, तिला भराभर चुण्या घातल्या आणि बाकाच्या पुढच्या कडेला टाचण्यांनी अशी लावली, की हवेतले पाय झाकले गेले. वर कॉलरच्या उशा ठेवल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"बसायचं नाही कुणी," ते कुजबुजले. "दारातून दाखवायचं. रंग ओला आहे म्हणून सांग."

ताई जिना चढून धापा टाकत आल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "कुठंय तुझी बाग?"

साडूसाहेब मागून आले. ते निवृत्त अधिकारी होते, पण ते निवृत्त झाले आहेत हे त्यांच्या आवाजाला अजून कुणी कळवलं नव्हतं. खुर्चीत बसता बसताच त्यांनी रस्त्यावरची गर्दी, गाडीचं मायलेज आणि हल्लीची मुलं या विषयांवर बोलायला सुरुवात केली.

मास्तरीणबाईंनी बाल्कनीचं दार उघडलं. ते बाहेरच्या बाजूला उघडायचं. ताई उंबऱ्यात उभ्या राहिल्या. वरची छत्री, भिंतीवरचा वेल, साटीनची लाल फुलं, सगळं त्यांनी डोळे भरून बघितलं. मास्तर मागे उभे होते. त्यांना ताईंचा चेहरा दिसत नव्हता, पण बायकोचा दिसत होता, आणि तो बघून चार दिवसांची पाठदुखी गेली.

"खरंच आहे की गं," ताई हळूच म्हणाल्या. "चल, बसू."

"रंग ओला आहे!" नवरा-बायको एका सुरात म्हणाले.

ताईंनी पुढे होऊन हात लावला. "कापडाला कसला रंग? कोरडं आहे." त्यांनी धाकटीचा हात धरला. "ये गं. आणि ते दार लावून घे. ह्यांचं मायलेज ऐकून कान किटलेत माझे."

दार लागलं. मास्तर शेजारच्या खिडकीकडे धावले. खिडकीच्या गजांतून त्यांना दिसलं, की ताई नव्या ठिकाणी सगळेच बसतात तशा अगदी कडेवर टेकल्या. शेजारी त्यांच्या बायकोने देवाचं नाव घेत टेकल्यासारखं केलं. कडकड असा आवाज झाला, दोन्ही भिंतींचा उरलासुरला चुना पडला, आणि बाक एकदम पुढे येऊन दाणकन चारही पायांवर उभा राहिला.

"अगंबाई!" ताई म्हणाल्या. "दणकट आहे हो!"

मास्तरांनी सुटकेचा श्वास सोडला. जे दोन पुरुषांच्या खांद्यांना जमलं नव्हतं ते ताईंनी नुसतं टेकून केलं होतं. आता चहा नेला की झालं. त्यांनी ट्रे भरला, येऊन दार ढकललं, तर दार बोटभर उघडलं आणि ठक्क करून बाकाला अडलं. पुन्हा ढकललं, पुन्हा ठक्क. बाक मागे कलला होता तोवर दाराला जागा होती. आता तो सरळ झाला होता, आणि रुंदीतली माया बरोब्बर दाराच्या आड आली होती.

"काय झालं?" साडूसाहेब उठले.

"काही नाही. दार जरा... घट्ट झालंय."

"सरका. मी बघतो." साडूसाहेबांनी शर्टाच्या बाह्या सरसावल्या आणि दाराला खांदा दिला.

"अहो, ढकलू नका, चौकट उसवेल!"

"मास्तर, चौकट उसवत नसते." साडूसाहेबांनी दुसरा धक्का दिला. बाक कठड्यावर आपटून उलट अंगठाभर दाराकडेच आला, तिथे रुतला आणि पहिल्यांदा जी बोटभर फट पडत होती तीही बंद झाली. साडूसाहेबांनी खांदा चोळत सांगितलं, की दार चुकीच्या बाजूला उघडतं, घर बांधणाऱ्याला अक्कल नव्हती आणि आपल्या वेळी असं चाललं नसतं. मग ते खिडकीपाशी आले. त्यांनी बाहेर बघितलं, आणि बोलता बोलता थांबले.

"मास्तर, ती तिसरी पँट."

"कुठली?"

"राखाडी. जिच्यातून झाड आलंय. ती माझी आहे."

मास्तरांनी निरखून बघितलं. पँट साडूसाहेबांचीच होती. कंबर सैल करायला म्हणून ते कधी तरी दुकानात टाकून गेले होते.

"काय आहे साडूसाहेब, मी उसवून बघितली होती. पण दोनदा आधीच सैल केली होती ना. तुमच्या पँटीतली माया संपली होती."

"म्हणून तिच्यात माती भरलीत?"

"भांडू नका हो," बाहेरून ताई ओरडल्या. "काय चाललंय तिकडं? चहा कुठंय?"

आता सांगणं भाग होतं. मास्तरांनी खिडकीतून, जमेल तितक्या गोड शब्दांत, दार उघडत नसल्याचं सांगितलं. सुताराला फोन लावला, तर हातातलं दार बसवल्याशिवाय हलत नाही म्हणाला. मास्तरांनी बशी न घेता दोन कप गजांतून आडवे-तिडवे करून बाहेर दिले. निम्मा चहा खिडकीने प्यायला.

ताईंनी चहाचा घोट घेतला आणि सहज म्हणून वेलाचं एक पान कुरवाळलं. पान हातात आलं. पानामागून फांदी आली, फांदीमागून टाचण्या निघत सगळा वेल खाली आला आणि ताईंच्या मांडीवर पडला. एक साटीनचं फूल चहात पडलं.

मास्तर खिडकीत उभे होते. त्यांना वाटलं, खिडकी बंद करावी आणि कुठेतरी निघून जावं. तेवढ्यात बायकोचा आवाज आला, अगदी बारीक.

"ताई, तो काल लावला. सगळंच चार दिवसांत लावलंय. इथं काही नव्हतं. अडगळ होती नुसती. आम्ही इथं कधीच बसलो नाही."

"आणि मला तीन वर्षं सांगत होतीस ते?"

"खोटं होतं."

खालून एक स्कूटर गेली. मास्तरांनी गज घट्ट धरले होते. आता तो 'बिचारी' शब्द येणार, बायको आत येऊन रात्रभर रडणार, आणि आपल्याला काही करता येणार नाही. दोन बोटांनी घात केला होता.

"माझा झोपाळा आहे ना गच्चीत," ताई म्हणाल्या, "त्यावर मी उशा वाळत घालते."

"का? बसत नाहीस?"

"कुणाबरोबर बसू? हे टीव्हीपुढं. पोरं लांब गेली. एकटीनं झोके घ्यायचे म्हणजे वेड लागल्यासारखं दिसतं गं. तुझा फोन ठेवला की मला जळजळायचं. ह्या दोघांना रोज एकमेकांशी बोलायला एवढं काय असतं, असं वाटायचं. आज मुद्दाम सकाळीच आले. म्हटलं बघू तरी."

"मग मला बिचारी का म्हणालीस?"

"ते लक्षात ठेवलंस होय? अगं, तू बाल्कनीचं सांगायला लागलीस त्यानंतर एकदा तरी म्हटलं का?"

मास्तरीणबाई हसल्या की रडल्या, ते मास्तरांना नीट कळलं नाही. दोन्ही असावं. मागे साडूसाहेबांनी विचारलं, "काय म्हणतायत?" आणि मास्तर म्हणाले, "तुमच्याबद्दल बोलतायत," तसे साडूसाहेब खुर्चीत जाऊन बसले.

सुतार आला तोपर्यंत दुपार कलली होती. त्याने खिडकीतून परिस्थिती बघितली. बघताना त्याला हसू आवरत नव्हतं. "बाक कापावा लागणार. आतून मला पोचता येत नाही. करवत गजांतून देतो. बाई, तुम्हीच मधोमध चालवा, मी सांगतो कशी ते."

मास्तरीणबाईंनी करवत घेतली. उशा बाजूला केल्या, दोघी उठून कोपऱ्यात झाल्या. इतक्या सुंदर बाकाला पहिला दात लावायला हात होईना, म्हणून बाई जरा थबकल्या. तेवढ्यात ताईंचा फोन वाजला.

"वन्सं आहेत," ताई म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा बदलला. मास्तरांना तो चेहरा ओळखीचा वाटला. फोन आला की त्यांच्या बायकोचाही अगदी असाच व्हायचा.

साडूसाहेबांच्या या थोरल्या बहिणीचं घर ताईंच्या घराहून मोठं होतं, हे तिच्याच तोंडून सगळ्यांना माहीत होतं.

"नाही हो वन्सं, घरी नाही. धाकटीकडं आलेय. तिच्या बाल्कनीत बसलेय... हो, बागच आहे. वेल काय, फुलं काय. भिंतीवर लटकती झाडं आहेत, इतकी वेगळी तुम्ही कुठं बघितली नसतील. चहा इथंच झाला. खरं सांगू, सकाळपासून बसलेय, अजून कुणी बाहेर काढू शकलं नाही आम्हाला!"

मास्तरीणबाईंनी तोंडावर करवतीची मूठ दाबली. ताईंनी पुढचं थोडा वेळ नुसतं ऐकलं. "पुढच्या रविवारी? या ना... हो, अवश्य या. बाकावर बसू आपण." फोन ठेवून त्या धाकटीकडे वळल्या.

"ठेव ती करवत."

"म्हणजे?" खिडकीतून तीन पुरुष एकदम म्हणाले.

"बाकाला हात लावायचा नाही. मी वन्संना शब्द दिलाय."

"अहो ताई, पण मग तुम्हाला बाहेर कसं काढायचं?" मास्तर काकुळतीला आले.

ताईंनी दाराकडे बघितलं, वरून खालपर्यंत. "मधे येतंय कोण? दार. मग दारच काढा की."

सुताराने मान डोलावली. बिजागऱ्या बाल्कनीच्या बाजूला होत्या. हातोडी आणि एक जाड खिळा गजांतून गेला. मास्तरीणबाईंनी खिळा धरला आणि ताईंनी हातोडी चालवली. पहिला घाव भिंतीवर बसला, दुसरा धाकटीच्या अंगठ्याच्या अगदी जवळून गेला, आणि मग दोघी अशा हसत सुटल्या, की सुताराला दोनदा "बाई, लक्ष द्या" म्हणावं लागलं. शेवटची खीळ निघाली तसं दार आतल्या बाजूला कललं आणि साडूसाहेबांनी व मास्तरांनी ते अंगावर झेललं. सुताराने ते हॉलच्या भिंतीला टेकवून ठेवलं आणि मजुरीचं नंतर बोलू म्हणून निघून गेला. त्याच्याच्याने तिथे गंभीर राहवत नव्हतं.

चौकट मोकळी झाली. साडूसाहेबांनी गाडीची किल्ली वाजवली. "चला. उशीर झाला."

"तुम्ही व्हा पुढं," ताई बाकावर नीट मांडी घालून बसल्या. "मी राहते आठवडाभर. वन्सं येणार, हे वेल-बिल पक्कं लावायला नको? आणि फुलं अजून चार लागतील."

"आणि माझं जेवण?"

"तुम्हीही राहा. कोण नको म्हणतंय?"

साडूसाहेबांना घरी चहाही करता येत नव्हता. त्यांनी किल्ली खिशात टाकली आणि ते खुर्चीत परत बसले.

संध्याकाळी मास्तरांनी चार कप चहा केला. आता दार नव्हतं, त्यामुळे ट्रे सरळ बाल्कनीत गेला. दोघी बहिणी बाकावर एकमेकींना टेकून बसल्या होत्या आणि कुणा एका लहानपणच्या शेजारणीची नक्कल चालली होती. एवढी माया धरून केलेला बाक, पण त्यावर दोघींच्या मध्ये किंवा बाजूला तिसऱ्याला टेकायला जागा नव्हती. मास्तर क्षणभर घुटमळले. दोघींनी बोलणं न थांबवता आपापला कप उचलला.

"अहो," मास्तरीणबाई म्हणाल्या, "जाताना तेवढं दार ओढून घ्या."

मास्तर आत आले. त्यांनी रिकाम्या चौकटीकडे बघितलं, भिंतीला टेकलेल्या दाराकडे बघितलं, एक कप साडूसाहेबांच्या हातात दिला आणि कोपऱ्यातल्या घरच्या शिवणाच्या मशीनवर जाऊन बसले.

"आता काय शिवताय?" साडूसाहेबांनी विचारलं.

"पडदा," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी सुईत दोरा ओवायला घेतला. "त्यांना बोलायचंय."